फोटोवरचे एआय इफेक्ट: कुठलं टूल कुठे चालतं आणि कुठे फसतं

कुठलंही एआय टूल वापरण्याआधी फोटो १०० टक्के झूमवर उघडा आणि त्यातला चेहरा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत किती पिक्सेल भरतो ते बघा. ढोबळमानाने सांगायचं तर २००च्या वर असेल तर बहुतेक टूल्स नीट काम करतात. शंभरच्या आसपास असेल तर जपून. पन्नास-साठच असेल, तर जो चेहरा बाहेर येईल तो त्या माणसाचा नसेल, त्याच्या चुलतभावाचा वाटेल. जाहिरातीतले फोटो मुळातच मोठे आणि स्वच्छ असतात, त्यामुळे तिथे ही अडचण कधी दिसत नाही.

दुसरी तपासणी फाइलची. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या फोटोसारखी आलेली फाइल लहान केलेली आणि दाबलेली असते. जेपीजी फोटोचे ८×८ पिक्सेलचे चौकोन करून ते दाबतं, आणि रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाईने ठेवतं. डोळ्यांना हे चौकोन एरवी दिसत नाहीत, पण एआयला दिसतात. त्यांच्या कडा त्याला कापडाचा पोत किंवा कातडीवरची खडबड वाटते आणि ते तीच आणखी धारदार करून देतं. गालावर जाळी उमटली की दोष टूलला दिला जातो, खरा दोष फाइलचा असतो. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. स्क्रीनशॉट तर वापरूच नका.

ही सगळी टूल्स एकाच नावाखाली विकली जात असली तरी त्यांची कामं दोन जातींची आहेत. काही फोटोत असलेली माहिती सावरतात, काही नसलेली माहिती रचतात. पहिल्या जातीवर डोळे झाकून नाही, पण बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. दुसरीत मात्र रचलेलं चुकलं तर बिघडणार काय, हे आधी विचारायचं. भिंतीवरची वीट चुकली तर काही बिघडत नाही. डोळा चुकला तर फोटो गेला.

नको ते पुसणं

मागे लोंबणारी वायर, कचरापेटी, कडेने चाललेला अनोळखी माणूस. या कामात एआयने खरंच हातचे तास वाचवलेत. फोटोशॉपमधलं, निवडलेली जागा एआयने भरणारं जनरेटिव्ह फिल (मे २०२३ मध्ये चाचणी आवृत्तीत आलं) यात अजूनही सगळ्यात भरवशाचं, पण ते वापरायची पद्धत आहे. लॅसोने (हाताने रेघ ओढून निवड करायचं साधन) वस्तूच्या कडेला चिकटून निवड केली तर कडेवरचा रंग आत झिरपतो आणि मॉडेल (टूलमागची शिकवलेली एआय यंत्रणा) तिथे पुन्हा तशीच वस्तू उभी करतं. निवड कडेपासून १०-१५ पिक्सेल बाहेर घ्या. सावली आणि पाण्यातलं किंवा काचेतलं प्रतिबिंबही निवडीत हवं. माणूस काढला आणि सावली राहिली की मॉडेलला सावलीचा मालक शोधावासा वाटतो. शब्द लिहायची चौकट कोरी ठेवा. तिथे लिहिलेलं हे आज्ञा म्हणून नव्हे, तर त्या जागी काय दिसावं याचं वर्णन म्हणून घेतलं जातं. ‘माणूस काढ’ असं लिहिलं तर नवा माणूस मिळण्याची शक्यताच जास्त.

सहसा प्रत्येक वेळी तीन पर्याय मिळतात. तिन्ही वाईट असतील तर त्याच निवडीवर पुन्हा बटण दाबत बसण्यापेक्षा निवडीचा आकार बदला. मॉडेल आजूबाजूचं बघून भरतं, त्यामुळे आजूबाजूचं बदललं की उत्तर बदलतं.

सुरुवातीच्या मॉडेल्समध्ये भरलेला तुकडा मुळात १०२४×१०२४ पिक्सेलचाच बनायचा आणि मग ताणून बसवला जायचा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत अर्धं आकाश भरलं की तो भाग धुरकट दिसायचा तो यामुळे. नव्या मॉडेल्समध्ये ही मर्यादा वाढली आहे, तरी मोठ्या फाइलवर हजार पिक्सेलच्या आतले, एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे पाडून भरण्याची सवय चांगली. शेवटी भरलेल्या भागावर नॉइज (बारीक दाणे) घालावाच लागतो. मूळ फोटोत सेन्सरचा बारीक दाणा असतो, एआयचा तुकडा गुळगुळीत असतो, आणि नेमका हाच फरक छापल्यावर डोळ्यात भरतो. अ‍ॅड नॉइजमध्ये ‘गॉशियन’ आणि ‘मोनोक्रोमॅटिक’ हे पर्याय, १ ते २ टक्के. बस.

ज्यांना फोटो सर्व्हरवर पाठवायचा नाही किंवा पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी आयओपेंट हे मोफत टूल आहे. ते आपल्याच संगणकावर चालतं. त्यातलं लामा हे मॉडेल २०२१चं, म्हणजे या क्षेत्राच्या मानाने म्हातारं, पण जाळी, विटा, फरशी, कुंपण अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीवर ते आजही नव्या मॉडेल्सना अनेकदा मागे टाकतं. त्याची रचनाच अशी आहे की नक्षीची लय ते संपूर्ण चित्रातून उचलतं. ते नवं काही कल्पित नाही, हा त्याचा गुण आणि तीच त्याची मर्यादा. मोठं भगदाड दिलं की मधोमध नुसता लगदा मिळतो.

फोनमधली खोडरबरं, म्हणजे गूगलचं मॅजिक इरेझर (२०२१) आणि अ‍ॅपलचं क्लीन अप (आयओएस १८.१, २०२४), लांबच्या छोट्या गोष्टींना उत्तम. नको असलेली वस्तू माणसाला टेकलेली असेल तर तिथे खांदा किंवा केस चेपले जातात. बोट फिरवण्याआधी झूम करा. ब्रश बोटाएवढाच राहतो, पण झूम केल्यावर तो फोटोचा लहान भाग व्यापतो.

नॉइज काढणं

लाइटरूममधलं एआय डीनॉइज (एप्रिल २०२३) हे या सगळ्या यादीत सगळ्यात कमी गाजावाजा झालेलं आणि सगळ्यात प्रामाणिक टूल. अंधारात काढलेल्या, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४००च्या पुढच्या फोटोंचं ते अक्षरशः सोनं करतं. अट एकच, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) हवी. जेपीजीमध्ये कॅमेऱ्याने दाणे आधीच फासून टाकलेले असतात, त्यातून मागे फिरता येत नाही. स्लायडर मूळचा ५० वर असतो. माणसांच्या फोटोंना ३० ते ४० पुरे. ६०च्या पुढे कातडी मेणाची होते आणि भुवया रंगवल्यासारख्या दिसतात. हे काम मास्क (ठरावीक भागापुरता बदल), हीलिंग (डाग काढणं) वगैरेंच्या आधी करा, नंतर नाही.

मोठं करणं

आधी खरंच मोठं करायची गरज आहे का ते मोजा. ६×४ इंचाचा प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १८००×१२०० पिक्सेल मागतो. १२ मेगापिक्सेलचा फोन ४०००×३००० देतो, म्हणजे साधारण १३×१० इंचाचा प्रिंट कुठल्याही एआयशिवाय निघतो. हे न बघता सरसकट चौपट करणारे बरेच आहेत.

गरज असेलच तर अपस्केल हे मोफत, मुक्तस्रोत टूल घ्या. त्याच्या पोटात रिअल-ईएसआरगॅन (२०२१) आणि त्याच घराण्यातली मॉडेल्स आहेत. व्हल्कन (ग्राफिक्स कार्ड वापरण्याची एक प्रणाली) चालवणारं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते नसेल तर पुढे जाऊच नका. मॉडेल निवडताना माणसं आणि निसर्ग असेल तर रेमाक्री, कारण ते पोत बऱ्यापैकी टिकवतं. इमारती आणि यंत्रांसाठी अल्ट्राशार्प. चित्र किंवा कार्टून असेल तरच डिजिटल आर्ट. हे शेवटचं माणसाच्या फोटोवर लावलं की केसांच्या दोऱ्या होतात. दोनदा मोठं करणारा ‘डबल’चा पर्याय बंद ठेवा. पहिल्या फेरीने जे चुकीचं रचलं त्यालाच दुसरी फेरी खरं मानून धार लावते.

एक युक्ती फार कमी लोक वापरतात. पुष्कळ जुने फोटो आधीच कुणीतरी साध्या पद्धतीने मोठे केलेले असतात. पिक्सेल भरपूर, पण १०० टक्क्यांवर सगळं मऊ. असा फोटो तसाच चौपट केला तर मऊपणाही चौपट होतो. त्याला आधी ५० टक्क्यांवर आणा, कडा खरोखर तीक्ष्ण दिसेपर्यंत लहान करा, आणि मग चौपट करा. प्रत्येक बाजूला पिक्सेल अखेर दुप्पटच मिळतात, पण चित्र उभं राहतं.

निकाल थेट वापरू नका. साध्या बायक्युबिक पद्धतीने मोठी केलेली मूळ प्रत खाली, एआयची प्रत वर, आणि वरच्या लेयरची (थराची) अपारदर्शकता ६० ते ७० टक्के. खोटी कुरकुरीत धार साधारण एक तृतीयांशाने उतरते. ग्राफिक्स कार्डची मेमरी कमी पडली तर टाइलचा (ज्या तुकड्यांत फोटोवर काम होतं त्यांचा) आकार कमी करावा लागतो, पण फार लहान टाइल घेतली की सपाट आकाशात शिवणी दिसू लागतात.

अक्षरांच्या बाबतीत या टूल्सवर काडीचाही विश्वास ठेवू नका. लांबच्या पाटीवरची किंवा गाडीच्या नंबर प्लेटची अक्षरं ती ‘वाचत’ नाहीत, अक्षरांसारखे आकार रचतात. सुबक आणि चुकीचे.

चेहरा सुधारणं

बहुतेक अ‍ॅप्समधल्या ‘एन्हान्स’च्या बटणामागे जीएफपीगॅन (२०२१) किंवा कोडफॉर्मर (२०२२) अशा वळणाचं काहीतरी असतं. आत काय घडतं ते कळलं की अर्ध्या तक्रारी मिटतात. टूल फोटोतला चेहरा शोधतं, तो सरळ करून ५१२×५१२ पिक्सेलच्या चौकटीत घालतं, तिथे तो नव्याने बांधतं आणि परत जागेवर चिकटवतं. म्हणून कपाळ आणि केस जिथे भेटतात तिथे शिवण दिसते, म्हणून चेहरा लखलखीत आणि मान-शर्ट धूसर राहतो. शिवाय चेहरा कसा असावा याची मॉडेलची कल्पना त्याला शिकवलेल्या फोटोंतून आलेली असते. या दोन्ही मॉडेल्सचं शिक्षण फ्लिकरवरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांच्या एफएफएचक्यू या संचावर झालेलं आहे. त्या संचात जे कमी, ते टूलला कमी समजतं.

कोडफॉर्मरचं मोठेपण त्याच्या एका आकड्यात आहे. ० ते १ असा स्लायडर असतो, त्याला निष्ठेचा आकडा म्हणा. शून्याकडे नेलं की चेहरा देखणा होतो आणि परका होतो. एककडे नेलं की चेहरा ओळखीचा राहतो आणि थोडा डागाळलेला राहतो. मूळची खूण ०.५ वर असते. सुरुवात ०.७ ने करा, आणि फोटो फारच खराब असेल तरच खाली या. ज्या अ‍ॅपमध्ये असा कुठलाही स्लायडर नाही, तिथे बहुतेक वेळा कंपनीने देखणेपण निवडलेलं असतं.

चुका ठरलेल्या जागी होतात, त्यामुळे तपासायला वेळ लागत नाही. चष्म्याची खालची कड गालात विरघळते. तीळ जातो. दात मोजून बघा, मधले दोन सांधले जातात. दोन बुबुळांतली चमक वेगवेगळ्या दिशांना पडते. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या पुसल्या जातात आणि लहान मूल दोन वर्षांनी मोठं दिसायला लागतं. शेवटच्या दोन गोष्टी सगळ्यात फसव्या, कारण निकाल ‘छान’ दिसतो. खात्री करायची तर मूळ आणि नवा, दोन्ही फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे लहान करा आणि आलटून पालटून बघा. लहान आकारात बारकावे नाहीसे होतात आणि चेहऱ्याची ठेवण उरते. तिथे माणूस बदललेला वाटला तर तो बदललाच आहे.

समूहफोटोत ‘सगळे चेहरे’ हा पर्याय कधीच निवडू नका. पुढच्या रांगेतले मोठे चेहरे सुधारा, मागच्या रांगेला हात लावू नका. धूसर पण खरा चेहरा परवडला. सुधारलेल्या चेहऱ्यालाही मास्क लावून डोळे, नाक, ओठ एवढंच घ्या आणि लेयर ५०-६० टक्क्यांवर ठेवा.

चित्रासारखा, कार्टूनसारखा

फोटोला चित्रशैली चढवण्याची मूळ पद्धत २०१५ची, आणि २०१६ मध्ये प्रिस्मा अ‍ॅपने ती घराघरात नेली. तेव्हा पोत बदलायचा, रेषा तीच राहायची. आजची डिफ्यूजन मॉडेल्स (दाण्यांतून चित्र नव्याने काढणारी) रेषाही बदलतात, म्हणून ती देखणी आणि म्हणूनच धोक्याची.

स्टेबल डिफ्यूजन या अशाच मॉडेलमध्ये इमेज-टू-इमेज (फोटोवरून नवं चित्र) वापरताना सगळा खेळ डीनॉइझिंग स्ट्रेंग्थचा, म्हणजे मूळ फोटो किती बदलायचा या आकड्याचा. ०.३ ते ०.४ पर्यंत माणूस तोच राहतो आणि शैली हलकी चढते. ०.५ ला शैली पक्की होते, पण जबडा आणि डोळे सरकायला लागतात. ०.६च्या पुढे फक्त मांडणी तुमची, माणूस मॉडेलचा. एका प्रचलित इंटरफेसमध्ये हा आकडा मूळचा ०.७५ असतो, आणि पहिल्याच फोटोत नवख्यांची निराशा होते ती तिथेच.

छोटे चेहरे का बिघडतात याचं गणित सोपं आहे. हे मॉडेल फोटोवर थेट काम करत नाही, प्रत्येक बाजूने आठपट दाबलेल्या रूपावर करतं. ५१२ पिक्सेलचं चित्र आत ६४×६४ घरांचं होतं. फोटोत चेहरा ६४ पिक्सेल रुंद असेल तर मॉडेलच्या हाती येतात जेमतेम ८×८ घरं, आणि त्यात दोन डोळे, नाक, तोंड बसवायचं. उपाय दोन. उभा पूर्णाकृती फोटो न देता कमरेपर्यंत क्रॉप करून द्या. नाहीतर आधी पूर्ण चित्र करा आणि मग फक्त चेहऱ्यावर इनपेंट (निवडलेला भागच पुन्हा काढणं) करा: ‘ओन्ली मास्क्ड’ चालू, मास्कची धूसरता ४ ते ८, पॅडिंग (भोवतीचा घेतलेला भाग) ३२ किंवा जास्त, स्ट्रेंग्थ ०.३५. यात चेहरा तात्पुरता मोठा करून रंगवला जातो आणि परत बसवला जातो. जोर जास्त हवा असेल तर कंट्रोलनेट (मूळ मांडणी धरून ठेवणारं जोडमॉडेल, २०२३) जोडा. लाइनआर्ट (रेषा) किंवा डेप्थ (खोली) प्रकार, वजन ०.६ ते ०.८, म्हणजे स्ट्रेंग्थ ०.६ वर नेली तरी उभं राहण्याची ढब सुटत नाही.

फोटो निवडताना उजेड एका बाजूने आलेला, पार्श्वभूमी गर्दी नसलेली, आणि हात एकतर पूर्ण दिसणारे किंवा अजिबात न दिसणारे. अर्धवट दिसणारी बोटं म्हणजे सहाव्या बोटाला आमंत्रण.

बोलून फोटो बदलणारी टूल्स, जसं चॅटजीपीटी (मार्च २०२५ची नवी चित्रक्षमता) किंवा जेमिनाय २.५ फ्लॅश इमेज (ऑगस्ट २०२५), वापरायला सगळ्यात सोपी. पण ती फोटोचा तेवढाच भाग बदलत नाहीत, पूर्ण चित्र नव्याने काढतात. म्हणून ‘शर्ट निळा कर’ म्हटल्यावर नाकही किंचित बदलतं, आणि निकालाचा आकारही मोठ्या फोटोपेक्षा बराच लहान, अनेकदा एक-दीड मेगापिक्सेलच्या घरात असतो. एका वेळी एकच बदल मागा आणि काय बदलायचं नाही तेही लिहा: ‘शर्टचा रंग गडद निळा कर; चेहरा, केस, उजेड आणि मागचं सगळं आहे तसंच ठेव’. निकालावर निकाल चढवू नका. तिसऱ्या-चौथ्या फेरीला चेहरा हळूच दुसऱ्याचा होतो. प्रत्येक वेळी मूळ फोटोपासून सुरू करा. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे निकाल मूळ फोटोच्या आकाराचा करून वर ठेवायचा, ऑटो-अलाइनने जुळवायचा आणि मास्कने फक्त शर्ट घ्यायचा. चेहरा मूळचाच राहतो.

उरलेली तीन

पोर्ट्रेट ब्लर: फोन मूळची खूण बहुधा जास्तच ठेवतो. धूसरपणा f४ ते f५.६ (हा आकडा वाढला की धूसरपणा कमी) पर्यंत उतरवला की केसांभोवतीचं तेजोवलय निघून जातं. कोपर आणि कंबरेमधली मोकळी जागा तपासा, टूल तिला बहुतेकदा विसरतं. पायाखालची जमीन हळूहळू धूसर व्हायला हवी, एकदम नाही.

आकाश बदलणं: फोटोशॉपमध्ये फ्लिपचं बटण त्यासाठीच आहे की सूर्य सावल्यांच्या बाजूला पडू नये. क्षितिजाजवळचं आकाश नेहमी फिकं असतं, तिथे गडद निळं आणलं की कात्रण चिकटवल्यासारखं दिसतं. खाली पाणी असेल तर हा इफेक्ट विसरा, किंवा प्रतिबिंब हाताने बदलायची तयारी ठेवा.

कृष्णधवल फोटोला रंग: कातडी, गवत, आकाश बरं जमतं. कपड्यांचा रंग हा निव्वळ अंदाज असतो, आणि खात्री नसली की मॉडेल सरासरीकडे, म्हणजे मातकट तपकिरीकडे झुकतं. आधी ओरखडे आणि डाग काढा, नाहीतर त्यांनाही रंग चढतो. रंगाचा लेयर ‘कलर’ ब्लेंड मोडमध्ये ठेवला की मूळचा उजेड-अंधार शाबूत राहतो.

अनेक इफेक्ट लावायचे असतील तर क्रम असा: नॉइज, मग पुसणं, मग चेहरा, मग मोठं करणं, आणि शैली किंवा रंगछटा सगळ्यात शेवटी. मधल्या सगळ्या प्रती पीएनजी किंवा टिफमध्ये, जेपीजी फक्त अखेरीस एकदाच.

सदस्यत्व घेण्याआधी मोफत चाचणीत टूलचे नमुना फोटो लावू नका. तुमच्याकडचा सगळ्यात अवघड फोटो लावा: चष्मा, उजेडाविरुद्ध उडालेले केस, मागे लहान चेहरे. निकाल पूर्ण आकारात डाउनलोड करून पिक्सेल मोजा. पुष्कळ अ‍ॅप्स पडद्यावर चांगलं दाखवतात आणि फाइल मात्र हजार पिक्सेलची देतात. आठवड्याच्या हिशेबाने पैसे घेणारी एका बटणाची अ‍ॅप्स वर सांगितलेल्यापेक्षा वेगळं काही क्वचितच करतात, वर स्लायडर लपवतात. चाचणी सुरू केली त्याच दिवशी फोनच्या सेटिंगमध्ये किंवा प्ले स्टोअरमध्ये जाऊन आपोआप होणारं नूतनीकरण बंद करा. साधारणपणे चाचणीची मुदत तशीही पूर्ण वापरता येते.